रस्त्यापलीकडचा पत्ता

वर्लीन गॅस्किन्सला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. त्याआधीची पन्नास वर्षं तिच्या शेजारच्या घरात काढली आहेत, म्हणून हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्या गल्लीत गोळीबार झाला की बाकीचे लोक जमिनीवर पालथे पडायचे आणि ही बाई खिडकी उघडून ओरडायची, "कोणाचं कार्टं आहे रे ते? येऊ का तुझ्या आईकडे?" एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. चारशे पोरांना ती एका डावाच्या धाकात ठेवायची. मी बस चालवायचो, तीही सदर्न अव्हेन्यूवरून. रोज शेकडो माणसं चढवली-उतरवली, पण असं निधडं माणूस माझ्या बसमध्ये कधी चढलं नाही.

आणि त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत ही बाई दारावरच्या घंटीला दचकायची.

आधी तिचं दुसरं काम सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं. वर्लीन आमच्या मतदान केंद्राची प्रमुख होती. सव्वीस वर्षं. निवडणुकीच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडायची, गळ्यात नावाचा बिल्ला अडकवायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकाच सुरात म्हणायची, "नाव सांगा. पत्ता सांगा. सही करा. खोटं लिहिणं गुन्हा आहे, वाचलंत ना?" समोर कोणी का असेना, पाद्री असो की नगरसेवक. मी निवृत्त झाल्यावर मलाही तिने ओढलं. माझं काम मतपेटीपाशी बसायचं आणि 'मी मतदान केलं' असं छापलेला स्टिकर लोकांच्या हातात द्यायचा.

एकदा तिने सख्ख्या बहिणीला परत पाठवलं होतं. डोरेथा दुसरं लग्न करून सदर्न अव्हेन्यूच्या पलीकडे राहायला गेली. रस्त्याच्या अलीकडे आमचं वॉशिंग्टन, पलीकडे मेरिलँड राज्य. डोरेथाचं घर वर्लीनच्या ओसरीवरून दिसतं, तिने चिकन तळलं की वास इकडे येतो. ती सवयीने जुन्या केंद्रावर आली. वर्लीनने वहीतून मान वर न करता सांगितलं, "बाईसाहेब, तुम्ही इथे राहत नाही."

"अगं, तुझ्या ओसरीवरून हात केला ना मला सकाळी!"

"हात केला. पण तुझ्या घराकडे केला. ते मेरिलँडात आहे."

डोरेथा चार महिने तिच्याशी बोलली नव्हती.

आता, ज्या मतासाठी ही एवढी कडक शिस्त, त्याची किंमत काय, ते विचारू नका. विचारलंत तर माझा रक्तदाब वाढतो. कर आम्ही भरतो. लढाया झाल्या तेव्हा आमची पोरं गेली, माझा भाऊ गेला तो परत आला नाही. संसदेचा तो पांढरा घुमट आमच्या घरापासून बसने चाळीस मिनिटांवर. पण हे राजधानीचं शहर कोणत्याच राज्यात मोडत नाही, म्हणून त्या घुमटाखाली आमचा एक प्रतिनिधी बसतो, बोलतो, आणि कायदा करायला मतं मोजायची वेळ आली की त्याचं मत मोजत नाहीत. सिनेटर तर नाहीच. म्हणजे दोन निवडतो आम्ही, छाया सिनेटर म्हणतो त्यांना, त्यांना बसायला खुर्ची नाही. पंगतीला बोलवायचं, पान मांडायचं आणि वाढायचं काही नाही. वर्लीनला मी हे म्हटलं की ती म्हणायची, "पान तरी पुसून ठेवू या, पिंकनी. वाढायला आले तर?"

तिच्या पोटी एकच मुलगा, मार्लन. बाविसाव्या वर्षी त्याने एका दुकानात पिस्तूल दाखवलं. कोणी मेलं नाही, पण पिस्तूल ते पिस्तूल. वर्लीनने त्याची कधी तरफदारी केली नाही. "केलंय, भोगू दे," म्हणाली आणि कोर्टातून सरळ स्वयंपाकघरात कामाला गेली. आमच्या शहराचा मोठा तुरुंग कधीच बंद झाला. आमची माणसं केंद्र सरकारच्या तुरुंगांत पाठवतात, देशात कुठेही. मार्लनला चार वेळा हलवलं, दरवेळी जास्त लांब. शेवटी पश्चिमेला वाळवंटात. ती सहा वर्षांत एकदा जाऊन आली, तीन बस बदलून, दोन दिवसांचा प्रवास करून. तासभर भेटली.

मार्लनला मधुमेह होता. त्या वर्षी वसंतात त्याच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. तुरुंगाच्या डॉक्टरने लिहून दिलं, बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवा. उन्हाळा गेला. डावा डोळा गेला. मग उजव्यात काळे ठिपके यायला लागले.

"मा, पायरी दिसली नाही आज. पडलो," तो फोनवर म्हणाला. पंधरा मिनिटांचा फोन असतो. त्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करत होतो. तिने फोन ठेवला आणि ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

"पिंकनी, तो आंधळा होणार," ती म्हणाली. "तिथे, त्या लोकांत, आंधळा. त्याला मारतील रे."

तिने आमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन केला होता. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन पत्रं लिहिली, मनापासून लिहिली, मी वाचली आहेत. उत्तर आलं: 'प्रकरणाकडे लक्ष आहे.' एवढंच.

आणि मग चर्चमध्ये आम्हाला एक बाई भेटली. मेरिलँडची, कोणाच्या तरी अंत्यविधीला आलेली. तिचा पुतण्या त्याच तुरुंगात. त्याला पोटाचं दुखणं. तिने तिच्या सिनेटरच्या कार्यालयात फोन केला. "नवव्या दिवशी हॉस्पिटलात होता," बाई म्हणाली आणि रताळ्याच्या गोड पाईचा घास घेतला. "तुरुंगांचा खर्च तेच मंजूर करतात ना, मग त्यांचा फोन उचलावाच लागतो."

वर्लीन घरी आली. ओसरीवर बसली आणि रस्त्यापलीकडे बघत राहिली.

"नऊ दिवस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मेरिलँडच्या त्या सिनेटरच्या कार्यालयात फोन लावला; ते आपल्याच राज्यातल्या माणसांची कामं करतात. मी समोर होतो, तिनेच बसवलं होतं. पलीकडे गोड आवाजाची एक मुलगी होती, ब्रिजेट नूनन नावाची. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, तुमचा पत्ता?"

आयुष्यभर दुसऱ्याला जो प्रश्न विचारला तो तिच्याच अंगावर आला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग तिने डोरेथाचा पत्ता सांगितला, घर क्रमांक, रस्ता, पिनकोड, सगळं एका दमात, तिच्या त्या मतदान केंद्राच्या सुरात.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "वर्लीन, अगं हे काय केलंस?"

"तुला दुसरं काही सुचत असेल तर सांग."

मला काही सुचत असतं तर मी चाळीस वर्षं बस चालवली असती का?

डोरेथाला सांगायला आम्ही दोघं रस्ता ओलांडून गेलो. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. "अस्सं! म्हणजे मी इथे राहते म्हणून तिथे मत देऊ शकत नाही, आणि तू तिथे राहतेस ती इथे राहतेस. वा गं वा, केंद्रप्रमुख!"

"डोरेथा, चेष्टा नको. मार्लनसाठी आहे."

"माहीत आहे मला कोणासाठी आहे ते. मीच दुपटी धुतलीत त्याची." आणि मग तिचा आवाज उतरला. "पण पकडलं तर गं?"

हे तोवर कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. पकडलं तर.

चार दिवसांनी फॉर्म आला, डोरेथाच्या घरी. मार्लनची माहिती मागवायला परवानगी. खाली पत्ता, त्याखाली सहीची रेघ, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, की सरकारला खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. वर्लीनला चष्म्याची गरज नव्हती, ते वाक्य तिला पाठ होतं. पहिल्या फॉर्मवर तिने सवयीने आपलाच खरा पत्ता लिहिला, दुसरा फॉर्म छापून आणावा लागला. तोही मीच आणला. म्हणजे मीही त्यात आलो.

खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या फॉर्मनंतर वर्लीन रोज दुपारी टपालवाल्याच्या आधी डोरेथाच्या पेटीपाशी जाऊन उभी राहायची. टपालवाला दोन्ही बाजूंचा ओळखीचा. तो म्हणाला, "मिस वर्लीन, इकडे कुठे?" तर हिच्या तोंडचं पाणी पळालं. एकदा डोरेथाच्या दारात पिशवीवाला माणूस आला. वर्लीन आतून धावत आली आणि त्याने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मी इथेच राहते! पहिल्यापासून इथेच!" तो गॅसचा मीटर बघायला आला होता. "बरं, मॅडम," म्हणाला आणि मीटर बघून गेला. डोरेथा हसून हसून भिंतीला टेकली. वर्लीनला हसू आलं नाही. ती आत जाऊन बसली, आणि मी पाहिलं तर तिने हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"मला तुरुंगाची भीती नाही वाटत, पिंकनी," ती मला म्हणाली. "माझ्या खोटेपणामुळे त्याची फाईल बंद केली तर? म्हणतील, आई लबाड, मुलगा गुन्हेगार, राहू दे. मग मी काय करू? मीच त्याचा डोळा घालवला असं होईल ना?"

मी म्हटलं, तसं काही होणार नाही. मी काय बोलत होतो ते मला माहीत नव्हतं. भीती माणसाच्या शेजारी राहिली की शेजाऱ्यालाही लागते. रस्त्यावर पोलिसांची गाडी हळू झाली की मी पडदा ओढायला लागलो.

आणि तरी काम झालं, हे ऐका. अकराव्या दिवशी पत्र आलं, कडक कागद, वर सिनेटरचं नाव उठावाच्या अक्षरांत. तुरुंगाने उत्तर दिलं होतं. तज्ज्ञाची तारीख मिळाली होती, डिसेंबरची बारा, बहुधा लगेच शस्त्रक्रिया. खाली सही ब्रिजेट नूनन. आठ महिने जे हललं नाही ते अकरा दिवसांत हललं. वर्लीनने पत्र तीनदा वाचलं आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अजून पाच आठवडे आहेत. पाच आठवडे कोणाला कळता कामा नये." म्हणजे आनंदसुद्धा पाच मिनिटं टिकला नाही.

मग नोव्हेंबरची निवडणूक आली. मी तिला सांगितलं, यंदा आजारी आहे म्हणून कळव. ती म्हणाली, "सव्वीस वर्षांत नाही पडले आजारी, आता पडले तर लोक विचारतील." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. सकाळी सहाला आम्ही व्यायामशाळेत होतो. तिने बिल्ला अडकवला. मोठ्या अक्षरांत नाव: वर्लीन गॅस्किन्स, केंद्रप्रमुख.

साडेदहाच्या सुमाराला पंचविशीची एक गोरी मुलगी आली. मेट्रो स्थानकाजवळच्या त्या नव्या इमारतींत अशी पुष्कळ येऊन राहिली आहेत. तिचं नाव यादीत नव्हतं, गाडीचा परवाना मिनेसोटा राज्याचा. टेबलावरच्या बाईने तिला प्रमुखाकडे पाठवलं. मी मतपेटीपाशी, सहा पावलांवर.

"नाव सांगा," वर्लीन म्हणाली.

"ब्रिजेट नूनन."

मी हातातली स्टिकरांची गुंडाळी खाली पाडली. ती घरंगळत बास्केटबॉलच्या खांबापर्यंत गेली. वर्लीन हलली नाही. मला वाटलं, ही आता खुर्चीवरून पडणार.

"पत्ता," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

मुलीने पत्ता सांगितला आणि बोलता बोलता थांबली. तिने आवाज ओळखला होता. तीन वेळा फोनवर बोलल्या होत्या त्या. तिची नजर बिल्ल्यावर गेली, बिल्ल्यावरून चेहऱ्यावर, परत बिल्ल्यावर. केंद्रावर काम करायला या शहराचा रहिवासी असावं लागतं, हे त्या घुमटाखाली काम करणाऱ्या मुलीला सांगायला नको.

रांगेत मागे कोणीतरी म्हणालं, "अहो मिस वर्लीन, लवकर करा, कामावर जायचंय."

"पुरावा लागेल," वर्लीन म्हणाली. "तुम्ही इथे राहता याचा. वीजबिल, भाडेपत्र, काहीही."

काय बाई आहे! मुलाचा डोळा त्या पोरीच्या हातात, आणि ही तिच्याकडे वीजबिल मागते. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, जा बाळा, जाऊ दे, घाल मत. तिला तसं जमलं नाही. घाबरून अर्धी झाली होती, पण त्या टेबलामागे तिला दुसरं काही येतच नव्हतं.

मुलीने मोबाईलवरचं बिल दाखवलं. वर्लीनने नाव जुळवलं, पत्ता जुळवला, फॉर्म पुढे केला. "सही करा. खोटं लिहिणं..." ती म्हणाली आणि वाक्य अर्धवट सोडून पेन पुढे केलं. मुलीने खाली मान घालून सही केली.

मत टाकून ती माझ्यापाशी आली, मी उचलून आणलेल्या गुंडाळीतला स्टिकर घेतला. मग परत टेबलाकडे वळली आणि वाकली, पेन शोधतेय असं दाखवत. मी तिच्यामागून दोन पावलं गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मिसेस गॅस्किन्स, मार्लनची फाईल माझ्याकडे आहे. मी इथे मत द्यायला आले आणि गेले. कोणी भेटलं नाही मला. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचे वरिष्ठ सगळ्या फाईली तपासतात. प्रत्येकीला पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. नसला तर फाईल तुमच्या शहराच्या प्रतिनिधीकडे जाते, आणि आमच्याकडून पाठपुरावा बंद. तुरुंगाला ते लगेच कळतं." ती थांबली. "तुम्ही लिहिलेल्या पत्त्यावर खरंच राहत असाल तर माझ्याकडे त्याचा पुरावा येईल. एवढंच मी म्हणू शकते. मला स्वतःलाही सिनेटर नाही हो, मी काम करते एवढंच."

ती गेली. वर्लीनने संध्याकाळी आठपर्यंत तीनशे अकरा लोकांना नाव-पत्ता विचारला. मतपेटी सील झाली, तिने वहीवर सही केली, बिल्ला काढला आणि माझ्या हातात दिला. "दे त्यांना," म्हणाली. "आता मी येणार नाही."

मी तिला समजावलं. चार आठवड्यांसाठी घर सोडतं का कोणी? डोरेथाचं बिल तुझ्या नावावर करून घे, कोण बघायला येतंय? तिने ऐकून घेतलं.

"एकदा खोटं बोलले, पिंकनी. बघ ना, झोप नाही, जेवण नाही. रस्त्यावर कुत्रं भुंकलं तरी वाटतं, आले. आता ते खरंच करून टाकते. मग येऊ देत कोणाला यायचंय ते."

दुसऱ्या शनिवारी आम्ही तिचं सामान रस्त्यापलीकडे नेलं. पलंग, शिवणयंत्र, मार्लनची शाळेतली तसबीर, बिडाचा तवा. ट्रक लागला नाही, हातगाडीवर चार खेपा झाल्या. डोरेथाने तळघरातली खोली रिकामी केली होती. दारात उभी राहून म्हणाली, "या, मेरिलँडात स्वागत आहे. चपला पुसून या." आणि बहिणीला मिठी मारून जी रडायला लागली ती थांबेना. वर्लीनच तिची पाठ थोपटत होती.

गाडीच्या परवान्यावर पत्ता छापतात, म्हणून मेरिलँडच्या परवाना कार्यालयात मी सोबत गेलो. खिडकीमागच्या माणसाने तिचा जुना परवाना मागितला. "हा जमा करावा लागतो. आणि मॅडम, मतदार म्हणून इथे नाव घातलं की तिथलं रद्द होईल. चालेल?"

तिच्या आईने या शहरात चाळीस वर्षं काढली, शहराला राष्ट्राध्यक्ष निवडायचं मत पहिल्यांदा मिळालं तेव्हा म्हातारी नवी टोपी घालून गेली होती. आणि वर्लीन स्वतः नावं पुसली जाऊ नयेत म्हणून दर उन्हाळ्यात दारोदार हिंडलेली.

"मॅडम?"

"चालेल," ती म्हणाली. मी तिला धरून बाहेर आणलं.

परवान्याची प्रत नोव्हेंबरच्या सत्तावीस तारखेला त्या मुलीकडे पोचली. फाईल तपासली गेली. तुरुंगवाले अशा तारखा कैद्यालासुद्धा सांगत नाहीत, पळेल म्हणून. त्यामुळे मार्लनला माहीत नाही, आणि फोनवर त्याला सांगायची हिला हिंमत नाही, कारण फोन ऐकतात. बारा तारीख गेली. तेरा गेली. चौदाला वर्लीन म्हणाली, "रद्द केलं असणार," आणि दिवसभर त्याच खुर्चीत बसून राहिली. डोरेथाने सूप आणून ठेवलं त्यावर साय धरली.

सतराला दुपारी फोन आला. तिने बटण दाबून टेबलावर ठेवला, म्हणून मीही ऐकलं.

"मा? केलं गं त्यांनी. उजवा वाचला. डावा नाही. पण उजवा वाचला, मा. मला माझा हात दिसतोय."

डोरेथा किंचाळली, "देवा, तुझे उपकार!" मी टोपी काढून खाली ठेवली आणि परत घातली, का ते मला माहीत नाही.

"बेड्या घालूनच झोपवलं होतं," मार्लन हसत होता. "पहारेकरी मला विचारतो, तुझ्या घरी कोण मोठं माणूस आहे रे? वॉशिंग्टनवाल्यांसाठी असं कोणी धावत नाही. मी म्हटलं, माझी आई स्वयंपाकीण आहे."

"हो रे बाळा," ती म्हणाली. "स्वयंपाकीणच आहे."

"मा, एक विचारायचं होतं. माझ्या खोलीत एक पोरगा आहे, आपल्याकडचाच, बेनिंग रोडचा. पाय काळा पडत चाललाय त्याचा. वास येतो. चार महिने झाले अर्ज करून. त्याची आई रोज रडते म्हणे. तू कोणाला फोन केलास? नंबर दे ना, मी त्याला देतो."

वर्लीनने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात कोणाच्या डोळ्यांत तशी भीती पाहिली नाही. मुलाचं झालं होतं, आता कशाची भीती? पण ती होती, आधीपेक्षा जास्त होती.

"त्याला विचार," ती सावकाश म्हणाली, "त्याच्या आईचं सदर्न अव्हेन्यूच्या पलीकडे कोणी आहे का."

मार्लनने तिकडे तोंड फिरवून विचारल्याचं ऐकू आलं. कोणीतरी काहीतरी बोललं.

"नाही म्हणतो," मार्लन म्हणाला. "त्यांचं सगळं अलीकडेच आहे. का गं, मा?"